काही विशेष?

परदेशात, पासिर रिस भागातल्या कॉन्डोत, तळमजल्यावरच्या बाल्कनीत, अमेयने दयाळ पक्ष्यासाठी लाकडी पेटी टांगली होती. जुनं घरटं काढून ती धुऊन वाळवली होती, खारीने कुरतडू नये म्हणून भोकाला पत्र्याची कड ठोकली होती. यंदा आत तीन अंडी होती, आणि पहारा पुण्याहून आलेल्या त्याच्या आईचा, सरोजिनीबाईंचा.

"झाकण उघडायचं नाही हं. सारखं डोकावलं की मादी अंडी टाकून निघून जाते," असं त्यांनी अमेयला बजावलं होतं. शेजारच्या मिसेस लिमनाही हातवारे करून समजावून झालं होतं.

सुनेचं तसं नव्हतं. जाईला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं. म्हणून सरोजिनीबाई रोज सकाळी चहाबरोबर विचारत, "काय गं जाई, काही विशेष?" आणि उत्तराचा अहवाल कॉलिंग कार्ड वापरून फोनवर अमेयच्या पुण्याच्या मावशींना पोहोचे.

आजही त्यांनी विचारलं.

"नाही हो आई. काहीच नाही," जाई म्हणाली.



तिला सातवा आठवडा होता. अमेयलासुद्धा तिने अजून सांगितलं नव्हतं.