सात रिकाम्या खुर्च्या

विमान पाण्यावर उतरलं, बेटापासून लांब नांगरलेल्या तराफ्याला लागलं आणि अनवाणी कॅप्टनने दोर बांधला. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मतदान चारला संपणार होतं.

नाजिह शेजारी होडीत उभा राहून माणसं मोजत होता. बेटाच्या अध्यक्षपदासाठी तो लतीफविरुद्ध उभा होता आणि राजधानी मालेत राहणारे आपले आठ मतदार आणायला त्याने अख्खं विमान ठरवलं होतं. आठ उतरले. नववी उतरली झुलैखाआत्या. तिच्यामागून आणखी सहा.

“हे कोण?” त्याने मेहुण्याला विचारलं. झुबैर त्या आठांतलाच, आणि सगळ्यांना घेऊन यायचं काम त्याच्याकडे होतं.

“विमान पंधरा खुर्च्यांचं. सात रिकाम्या. आपल्याच बेटाची माणसं मालेच्या धक्क्यावर उभी. खिडकीतून खुर्च्या दिसतायत. जागा नाही म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?”

“सगळे लतीफचे आहेत.”

“ते मलाही माहितीये. पण उभे होते ना बिचारे.”

बेटावर कोणाचं मत कोणाला, हे कोंबड्यांनाही ठाऊक होतं. आठ आले की नाजिह चार मतांनी जिंकत होता. वर हे सात आले की तीन मतांनी हरत होता.

होडीत आठच मावत होते.

“जा तू. आम्ही बसतो,” आत्या म्हणाली आणि तराफ्यावर मांडी घालून बसली. नाजिहने तिच्या नीरफणसाची एक फांदी तोडल्यापासून ती त्याच्याशी चार वर्षं बोलत नव्हती.

विमान उडून गेलं. साडेतीनला आठजण मतदानाच्या रांगेत लागले. नाजिह किनाऱ्यावर उभा राहिला. लांब पाण्यात सात माणसं आणि दोन छत्र्या. कोणी हाक मारत नव्हतं, की हात हलवत नव्हतं.

लतीफ शेजारी येऊन उभा राहिला. विजयाच्या मिरवणुकीसाठी त्याने आपली होडी कालच वर ओढून रंगवायला घेतली होती. त्याच्या कोपराला हिरवा रंग लागला होता.

“तुझी काढ की,” नाजिह म्हणाला.

“ओली आहे.”

“मग?”

“मग काय. ऊन फार आहे आज.”

दोघांनी थोडा वेळ उन्हाकडे पाहिलं. मग नाजिहने इंजिन सुरू केलं.

चारला सहा मिनिटं कमी असताना होडी धक्क्याला लागली. नाजिहने एकेकाला हात देऊन वर चढवलं. आत्या शेवटची.

“आत गेल्यावर मी लतीफलाच हं. उगाच आशा लावून बसशील.”

“माहितीये. पाय जपून टाक, फळी निसरडी आहे.”

ती वर चढली, पण हात सोडला नाही.

“परतीचं विमान कधी?”

“उद्या आठला.”

“येताना झुबैरने खिडकी अडवली होती. काही म्हणून दिसलं नाही.”

“मग सातलाच ये,” नाजिह म्हणाला. “खिडक्या आधी भरतात.”