बुवांच्या मागचा तंबोरा

"बघा हं, आता मी येणार!" रघुअण्णांनी टीव्हीचा आवाज वाढवला. नामवंत गवई हरिहरबुवांच्या जीवनावरची मालिका सुरू झाल्यापासून ते याच भागाची वाट बघत होते. उभी हयात त्यांनी बुवांच्या मागे बसून तंबोऱ्याची साथ केली होती. आज शेजारपाजारच्या सगळ्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

पडद्यावर बुवांची पहिली मोठी मैफल रंगली. मागे तंबोरा घेऊन एक देखणा तरुण बसला होता. अण्णा खुलले. तेवढ्यात त्या तरुणाची मान कलंडली आणि तो चक्क घोरू लागला. खोलीत हशा पिकला.

"साफ खोटं! बुवा गात असताना माझा कधी डोळा लागला नाही. उद्याच चॅनलवाल्यांना झापतो!" म्हणत अण्णा रागारागानं सोफ्यावर रेलले.

गाणं पुढे सरकलं आणि सोफ्यावरूनही घोरणं ऐकू आलं. सगळे फिस्सकन हसणार, तोच बायकोनं अण्णांच्या हाताकडे बोट दाखवलं. उशीच्या झालरीवर त्यांची बोटं बिनचूक तंबोरा छेडत होती.

एवढ्यात जाहिरात लागली. अण्णा खडबडून जागे झाले.

"बुवा मध्येच का थांबले?"