चाळीसची सदतीस

दारावरच्या स्क्रीनने सदतीस आकडा दाखवला आणि एकनाथकाकांनी ट्रॉली थांबवली. खोकी चाळीस होती. त्यांनी स्वतः मोजून चढवली होती. पहिल्याला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’, मग दोन, तीन, अशी. साताऱ्याच्या मार्केट यार्डात तीस वर्षं पोती मोजलेल्या माणसाची ही सवय अमेरिकेत, कॅरीतल्या औषधांच्या गोदामात येऊनही सुटली नव्हती. त्यांनी परत मोजली. चाळीसच भरली.

“या आठवड्यात चौथ्यांदा,” ते म्हणाले.

शेजारी हिमानी लॅपटॉप घेऊन बसली होती. दाराच्या चौकटीला चार अँटेना, दोन्ही बाजूंना दोन-दोन. ट्रॉली आत शिरली की अँटेना खोक्यांवरच्या टॅगना हाका मारणार, टॅग ओ देणार आणि खोकी मोजली जाणार. हा सगळा कारभार हिमानीचा.

“टॅग खराब असतील, काका. बघते मी.”

“टॅगला कशाला बोल लावतेस?” काका खोक्यांकडे बघतच बोलले. “उद्या सई मला डॉक्टरकडे नेतेय. मेमरीवाल्या. मीच सांगितलं तिला, माझी मोजणी चुकायला लागलीय म्हणून. ऐकून रडली पोरगी. माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. आधी आकडे गेले, मग माणसं.”

 हिमानीने अँटेना चालवणाऱ्या रीडरची नोंद उघडली. पहिला अँटेना हाका मारत होता, मारतच होता. टॅगने ओ दिली नाही तर पुन्हा किती वेळा विचारायचं, त्या रकान्यात वीस लिहिलं होतं. ते सोमवारी सकाळी तिनेच लिहिलं होतं. आधी तिथे दोन होतं. एक टॅग सुटला म्हणून तिने विचार केला, असू दे थोडं जास्तीचं. प्रवासाला निघताना चार पोळ्या जास्त बांधतात तसं. जास्तीचं कुणाला बाधतं का कधी? म्हणून कुणाला सांगितलंही नव्हतं.

तिने विसाचे दोन केले.

“काका, ट्रॉली एकदा परत आणता?”

चाळीस. पुन्हा आणायला लावली. चाळीस. तिसऱ्यांदाही चाळीस. हिमानीचा जीव भांड्यात पडला. लॅपटॉप मिटला असता तर कुणाला काही कळलंही नसतं.

“बघ,” काका कसंनुसं हसले. “मशीन चांगलं आहे. मघाशी मीच खोकी नीट लावली नसणार. आता हातही विसरायला लागले.”

हिमानी उठून उभी राहिली.

“काका, तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे.”

“उगाच माझं मन राखू नकोस.”

“खरंच सांगतेय. सोमवारी मी एक सेटिंग चेंज केलं. पहिल्या अँटेनाला पलीकडची खोकी दिसतच नाहीत. पण मी त्याला वीस-वीस वेळा विचारायला लावलं. त्याचं होईपर्यंत ट्रॉली पुढे गेलेली असायची. ती खोकी ज्याला दिसतात, त्या चौथ्याची पाळीच यायची नाही.”

काकांनी दाराच्या चौकटीतल्या अँटेनांकडे पाहिलं. आता हे चिडणार, आणि चिडले तर बरोबरच आहे, असं तिला वाटलं.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “पंगतीत वाढायला उठलीस, आणि पहिल्याच पाहुण्याला आग्रह करत बसलीस. तो पोट भरलेला, नको नको म्हणतोय. आणि तिकडे टोकाची माणसं ताटावरून उपाशी उठली.”

“अगदी तसंच, काका. सॉरी.”

“सोमवारीच ना? नक्की?”

“सोमवारी सकाळी. इथे वेळसुद्धा दिसतेय. नऊ वाजून दहा मिनिटं.”

“माझी पहिली चूक सोमवारी दुपारची,” काका म्हणाले आणि जवळच्या रिकाम्या खोक्यावर मटकन बसले. मग हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. “अगं, चार दिवस झोप नाही मला. रोज अंथरुणात पडून नातवंडांची नावं घोकत होतो.”

 काकांनी फोन काढून सईला लावला. “सई, ती अपॉइंटमेंट कॅन्सल कर. मला काही झालेलं नाही… अगं खरंच… नाही, तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत…” त्यांनी फोन हिमानीपुढे धरला. “माझं ऐकत नाहीये. तू सांग.”

हिमानीने सगळं सांगितलं. सेटिंग कुणी बदललं, कधी बदललं, काही लपवलं नाही. 

“सॉरी,” सई म्हणाली, “पण परत एकदा सांगाल? प्लीज.”

हिमानीने स्पीकर लावला, फोन काकांच्या आणि आपल्या मधोमध धरला आणि परत सांगितलं, “तुमच्या बाबांची मोजणी बरोबर होती. चूक माझी होती.”