लुडविकचा उजवा हात

लुडविक होचेवार स्टेजवर चढला आणि हॉलमध्ये एकच गलका उठला. रुडीनं अकॉर्डियनचे पट्टे वडिलांच्या खांद्यांवर चढवले, त्यांना खुर्चीत नीट बसवलं आणि दर रविवारी करायचा तसं, कुणाला न कळेल अशा बेतानं, त्यांच्या माइकचं बटण बंद केलं.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून लुडविकचा उजवा हात ऐकेनासा झाला होता. डाव्या हाताचा ठेका पक्का, भाताही जोरकस, पण उजव्या हाताची बोटं सुरांच्या मागे धापा टाकत यायची. म्हणून गाणं वाजवायचा रुडी, मागे उभा राहून आपल्या अकॉर्डियनवर, आणि टाळ्या मिळायच्या पुढे बसलेल्या लुडविकला. क्लीव्हलँडमधल्या आमच्या निम्म्या स्लोव्हेनियन घरांची लग्नं लुडविकच्या पोल्कावर नाचून झालेली. त्याला घरी बसा म्हणून सांगायची कुणाची छाती होणार? रुडीची तर नव्हतीच.

पहिला पोल्का संपला. घामाघूम झालेली मंडळी बिअरकडे वळत होती, तेवढ्यात श्टेफी स्टेजपाशी येऊन उभी राहिली. आज तिच्या अंगावर काळे कपडे नव्हते. निळा झगा होता.

"वर्ष झालं रे लोयझेला जाऊन," ती लुडविकला म्हणाली. "आज उतरते मी."

बिअरकडे निघालेली मंडळी परत फिरली. आमच्या हॉलची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा गेलेली बाई वर्षभर नाचत नाही. वर्ष सरलं की ती एकटीच उतरते, आपल्या लग्नातल्या वॉल्ट्झवर. त्या वेळी बँड वाजत नाही. लग्नात ज्यानं वाजवलं, तो जिवंत असेल तर त्याचा एकट्याचा अकॉर्डियन वाजतो.

रुडी मागून घाईघाईनं म्हणाला, "श्टेफीमावशी, बाबा दमलेत गं. मी वाजवतो ना."

"तू? माझ्या लग्नात तुझा जन्म तरी झाला होता का, मेल्या?"

लोक हसले. लुडविक हसला नाही. मागे न बघता तो हळूच म्हणाला, "रुडी, माझा माइक लाव."

"बाबा, तो... चालूच आहे."

"आयुष्य गेलं माझं या हॉलमध्ये. माझा सूर त्या समोरच्या भिंतीपर्यंत पोचतोय की नाही, एवढं कळतं मला. लाव."

रुडीला त्याच्याकडे बघवेना. त्यानं बटण लावलं.

पहिली ओळ नीट आली. श्टेफीनं डावा हात हवेत उचलला, लोयझेचा खांदा जिथं असायचा तिथं ठेवला आणि गिरकी घेतली. दुसऱ्या ओळीत लुडविकची बोटं अडखळली. एक चुकीचा सूर, मग दुसरा, आणि माइकमुळे ते सगळ्या हॉलभर गेले. बायका डोळे पुसू लागल्या. लोयझेसाठी की लुडविकसाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग उजवा हात थांबलाच. सुरांच्या पट्ट्यांवर नुसता पडून राहिला.

रुडीनं झटकन आपला अकॉर्डियन उचलला. लुडविकनं मानेनंच नको म्हटलं. त्याचा डावा हात चालूच होता. गाणं नाही, नुसता ठेका. श्टेफी त्या ठेक्यावर नाचत राहिली, ओठातल्या ओठात गाणं म्हणत, पार शेवटच्या गिरकीपर्यंत. थांबली तेव्हा तिचा हात अजून वरच होता.

टाळी कुणीच वाजवली नाही. ती खाली मान घालून आपल्या टेबलाकडे गेली.

रुडी पट्टे सोडवायला वाकला. त्याला बक्कल सापडेना.

"कसं झालं?" लुडविकनं विचारलं.

"वाईट झालं, बाबा," रुडी म्हणाला, आणि तिथंच, सगळ्यांसमोर, त्याला रडू फुटलं. "फार वाईट झालं."

लुडविकनं डाव्या हातानं त्याचा गाल थोपटला.

"असू दे. ऐकू तरी गेलं ना?"