लाकडी घंटा

अहेरीच्या सागवनात झाडांना माईक बांधून हर्षानं तीन वर्षं नोंदी केल्या. गर्द रानातून आवाजाच्या लहरी कशा वाट काढतात, हाच तिच्या पीएचडीचा विषय. गाईड सरांनी जंगलात पाऊलही न टाकता आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. शोधनिबंध एकट्याच्या नावानं छापला, रोज सांजेला आवाजाच्या आलेखात उठणाऱ्या शिखरालाही स्वतःचंच नाव दिलं. ते शिखर कशामुळे उठतं, हे ठाऊक असूनही हर्षा अकरा वर्षं मूग गिळून बसली. आज चंद्रपुरात सरांचा सत्कार. पडद्यावर ते शिखर झळकताच तिनं मंचावर चढून पिशवीतून बापाच्या बैलाची लाकडी घंटा काढून माईकसमोर हलवली. सरांनीच प्रात्यक्षिकाला मांडलेल्या यंत्रावर हुबेहूब तेच शिखर उठलं. “सांजेले ढोरं घरी येते, सर.” सर चाचरले, “तेव्हाच का नाही सांगितलंस?” “दुरुस्ती लेखकानं करायची असते. पेपरवर माझं नाव कुठी होतं?”