प्रश्न तिसरा, गुण सोळा

“सतराव्या शतकातील काही विचारवंतांच्या मते,” मोनाली गोठ्यात उकिडवी बसून म्हणत होती, “प्राणी हे निव्वळ यंत्र होय. त्याचे ओरडणे हे दुःखाचे लक्षण नसून घड्याळाच्या टोल्यासारखे आहे.”

म्हशीने तिचा दंड चाटला. बादलीत धार वाजू लागली.

“थांबू नको,” म्हशीच्या पोटाआडून तिची आई, कस्तुराबाई, म्हणाली. “पुढचं म्हण.”

“आई, सहा वाजले. साडेसहाची एसटी हाय.”

“मग म्हण की भराभरा.”

रेडकू मेल्याला दहा दिवस झाले होते. न्हावरे गावात अशा वेळी जे करतात तेच घरच्यांनी केलं. कातड्यात पेंढा भरला, खाली चार काठ्या लावल्या आणि ते म्हशीपुढे उभं केलं. म्हैस ते चाटायची आणि पान्हा सोडायची. आधुनिक विचाराची सुरुवात शंकेपासून झाली, असं मोनालीच्या वहीत पहिल्याच पानावर होतं. म्हशीला शंका यायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी तिने रेडकाचा वास घेतला आणि तोंड फिरवलं ते फिरवलंच. नेमकी तेव्हा मोनाली भिंतीपलीकडे प्रश्न तिसरा पाठ करत होती. म्हशीचे कान वळले, आणि कास भरून आली.

तेव्हापासून दोन्ही वेळच्या धारांना मोनाली लागायची. कस्तुराबाईने स्वतः ओव्या म्हणून पाहिल्या, म्हशीने बादली लाथाडली. इंग्रजीचा पेपर चालला नाही. प्रश्न दुसरा, दुर्बिणीचा शोध, यालाही तिने दाद दिली नाही. तिला तिसराच लागायचा.

“आज पेपर ऱ्हाऊ दे,” कस्तुराबाई म्हणाली. “ऑक्टोबरात दे.”

“ऑक्टोबरात जुना अभ्यासक्रम बंद. कितींदा सांगू? आज शिरूरला गेले न्हाई तर पुन्हा पहिल्या वर्षापासनं.”

“आन् संध्याकाळी तू यायच्या आत हिची वेळ झाली, मंग? दूध अडकून कास सुजली, शेजारच्या सोजराबाईच्या म्हशीवानी सडं गेली, तर? तुला काय, वरीस परत येतंय. सड येतंय का?”

“एक न्हाई, तीन वर्षं, आई.”

मोनाली बोलायची थांबली होती, त्यामुळे धारही थांबली होती.

मोनाली उठली. उत्तरं टेप करायची आणि भाकरी थापताना ऐकायची, ही तिची अभ्यासाची रीत. घरातून तिने टेपरेकॉर्डर आणला. ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून पेंढ्याच्या रेडकाच्या पाठीवर ठेवला आणि बटण दाबलं.

सेल उतरले होते. आवाज तिचाच, पण तिच्यापेक्षा वयाने जरा मोठा आला. “सतराव्या शतकातील काही विचारवंतांच्या मते...”

म्हशीने मोनालीकडे पाहिलं. मग रेडकाकडे पाहिलं. रेडकाच्या डोळ्यांच्या जागी दोऱ्याने शिवलेल्या फटी होत्या. म्हशीने लांब श्वास सोडला, मान पुढे केली आणि टेपरेकॉर्डरची जाळी सावकाश चाटायला लागली.

“लागली,” कस्तुराबाई पुटपुटली. धार पूर्वीपेक्षा जाड वाजत होती.

मोनालीला बरं वाटायला हवं होतं. ती जवळ गेली. टेपमधली मोनाली म्हणत होती तेच वाक्य तिनेही बरोबर म्हटलं, शब्दाला शब्द. म्हशीची कातडी थरथरली. तिने डोळे पांढरे केले, मागे सरली, दाव्याला हिसका दिला.

“सर मागं!” कस्तुराबाई ओरडली. “बुजतीया ती तुला.”

“आई, मीच हाय की.”

“व्हय, पर तिला न्हाई ना पटत. जा तू. पेपर दे. आता काय बी काळजी न्हाई.”

सहा दिवस मोनाली हेच ऐकायला थांबली होती. तिने ओट्यावरची पिशवी घेतली, हॉलतिकीट पाहिलं, दंड पुसला. पुसूनही तो ओलाच राहिला. “येते,” ती म्हणाली. वाट गोठ्याच्या दारावरूनच होती.

आत टेप मध्येच अडखळली. टेप करताना त्या दिवशी ती पुढचं वाक्य विसरली होती; ती शांतताही टेप झाली होती. नुसतं चाक फिरल्याचा आवाज येत होता. म्हैस चाटायची थांबली नाही. तिने टेपरेकॉर्डरला हनुवटीखाली घेतलं.

“आठव बाई, आठव,” कस्तुराबाई रेडकाकडे बघून म्हणाली. इतक्या मऊ आवाजात ती मोनालीशी कित्येक दिवसांत बोलली नव्हती. “घाई न्हाई. घोटभर पानी पी आन् मंग सांग.”

पुढचं वाक्य मोनालीला आता येत होतं. दारात उभं राहून तिने ते स्पष्ट म्हटलं.

कस्तुराबाईने मान वळवली नाही. हात सडांवरून निघाले नाहीत.

“कोन हाय त्ये दारात?” ती हळूच म्हणाली. “जरा गप ऱ्हावा. आमची मोनाली अभ्यास करतीया.”