मानेवरचा बर्फ

उकाडा वाढला की अंधेरीच्या कंपनीतल्या टेलिफोन ऑपरेटर जानकीबाईंचं डोकं चालेनासं व्हायचं. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस होता; मज्जातंतूंच्या या आजारात उष्णता सोसत नाही. फोन भलतीकडे जाऊ लागले, तेव्हा साहेबांनी त्यांना घरी बसवायचं ठरवून टायपिस्ट कमलला त्यांच्या जागी पाठवलं. “थांब गं जरा,” म्हणत जानकीबाईंनी डब्यातला बर्फ पंच्यात गुंडाळून मानेवर ठेवला. “शी! बोंबलाचा वास येतोय,” कमलनं नाक मुरडलं. “येणारच! कोळणीकडून आणलाय. डोकं थंड राहिलं की झकास चालतं.” लाइनी खणाणू लागल्या. जानकीबाईंच्या डोळ्यांवरची झापड उतरली. आवाजावरून माणूस ओळखत, प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलत त्या स्विचबोर्डात वायरी खोचत राहिल्या. एकही चुकली नाही. बोर्डाकडे पुढं केलेला हात कमलनं मागं घेतला. साहेब डोकावले. “काय कमल, जमलं का काम?” “मला कुठं जमतंय!” कमल म्हणाली, “साहेब, ही जागा भरलेली आहे.”